पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल बदलल्यावर प्रॉपेलर शाफ्ट कसा जुळवायचा

मागचा अ‍ॅक्सल बदलणं हे ताकदीचं काम, आणि त्यानंतर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारी लांब नळी, जुळवणं हे मापाचं. नवशिक्यांची गाडी बहुतेक वेळा या दुसऱ्या कामात अडते. स्प्रिंगच्या पाट्यांखाली नवा अ‍ॅक्सल बसतो, यू-बोल्ट आवळले जातात, ब्रेकच्या नळ्या जोडल्या जातात, आणि मग कळतं की शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (कोनात फिरू देणारा, अधिक-चिन्हाच्या आकाराचा सांधा) नव्या पिनियनच्या (अ‍ॅक्सलमधल्या, शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) योकमध्ये (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या तुकड्यात) बसतच नाही. किंवा क्रॉस बसतो, पण शाफ्ट दोन बोटं आखूड पडतो. किंवा सगळं व्यवस्थित बसतं आणि गाडीने वेग घेतला की तळातून थरथर सुरू होते.

ही तिन्ही दुखणी टाळता येतात. त्यासाठी कामाचा क्रम पाळायचा: आधी क्रॉस आणि योक ओळखायचे, मग पिनियनचा कोन पक्का करायचा, आणि शाफ्टची लांबी सगळ्यात शेवटी मोजायची. बरेच जण अ‍ॅक्सल गाडीखाली सरकवला की लगेच टेप लावतात. पण कोन सुधारण्यासाठी अ‍ॅक्सल थोडा जरी फिरवला तरी पिनियनचं टोक वर-खाली आणि पुढे-मागे सरकतं, म्हणजे आधी घेतलेलं माप गेलं. त्या मापावर शाफ्ट कापून आणला असेल तर पैसेही गेले.

पुढचं सगळं पाट्यांच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपबद्दल आहे. उदाहरणं अमेरिकी बनावटीच्या डाना, फोर्ड आणि जीएम अ‍ॅक्सलची घेतली आहेत, कारण अदलाबदल सर्वात जास्त त्यांचीच होते. मोजण्याची रीत मात्र कुठल्याही गाडीला तीच.

काम सुरू करण्याआधी

शाफ्ट काढला की गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंध तुटतो. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये असो की मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये, ती जागेवर राहते ती या शाफ्टमुळेच. हँडब्रेकही बहुतेक पिकअपमध्ये मागच्या चाकांवरच असतो, आणि ते ब्रेक तुम्ही आत्ताच उघडलेले असतात. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. वजन पेलणारे स्टँड वापरा.

हत्यारं: व्हर्नियर, डिजिटल कोनमापक, टेप, सर्क्लिप पक्कड, टॉर्क पाना, रंगाचा मार्कर. पिनियनचा नट उघडायची वेळ आली तर इंच-पाउंड दाखवणारा काट्याचा टॉर्क पानाही लागेल. जुना शाफ्ट उतरवण्याआधी योक, क्रॉस आणि नळीवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. शाफ्ट पुढच्या बाजूने गिअरबॉक्समधून बाहेर येणारा असेल तर तिथून तेल गळेल. खाली भांडं आणि तोंडाला बूच तयार ठेवा.

क्रॉस ओळखणं

इथे घाई करू नका. अ‍ॅक्सलच्या नावावरून क्रॉसचं माप कळत नाही. डाना ६० म्हटलं म्हणून योक एकच असेल असं नाही. त्याच हाउसिंगला (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचाला) वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळे योक लागले आहेत. डाना ४४ चीही तीच गोष्ट. विकणाऱ्याने काय सांगितलं ते ऐकून घ्या आणि व्हर्नियर लावा.

या क्रॉसना जे आकडे आहेत ते स्पायसरच्या मालिकेचे. क्लॅरेन्स स्पायसर यांना मोटारीच्या युनिव्हर्सल जॉइंटचं, म्हणजे याच क्रॉसच्या सांध्याचं, पेटंट १९०३ साली मिळालं, आणि त्यांच्या नावाची मालिका आजही सगळा बाजार वापरतो. दोन मापं लागतात: वाटीचा (क्रॉसच्या भुजेच्या टोकावर बसणाऱ्या बेअरिंगच्या टोपीचा) बाहेरचा व्यास, आणि समोरासमोरच्या दोन वाट्यांच्या टोकांमधलं अंतर, म्हणजे क्रॉसची रुंदी.

- १३१०: वाटी २७.० मिमी, रुंदी ८१.८ मिमी
- १३३०: वाटी २७.० मिमी, रुंदी ९२.१ मिमी
- १३५०: वाटी ३०.२ मिमी, रुंदी ९२.१ मिमी
- १४१०: वाटी ३०.२ मिमी, रुंदी १०६.४ मिमी
- १४८०: वाटी ३४.९ मिमी, रुंदी १०६.४ मिमी

यादी नीट पाहिलीत तर फसवणूक कुठे होते ते दिसेल. १३१० आणि १३३० यांची वाटी एकच, रुंदी वेगळी. १३३० आणि १३५० यांची रुंदी एकच, वाटी वेगळी. पुढेही हीच साखळी चालते. म्हणजे एकच माप घेऊन दुकानात गेलात तर चुकीचा क्रॉस हातात पडण्याची शक्यता भरपूर. दोन्ही मापं, दोन्ही टोकांची, कागदावर लिहून न्या.

अ‍ॅक्सलकडच्या योकवर मोजताना अर्धगोल खाचेचा व्यास घ्या आणि वाटीला बाजूला सरकू न देणाऱ्या दोन ओठांमधलं आतलं अंतर घ्या. हे ओठ घासलेले किंवा चेपलेले असतील तर तो योक बाद. वाटी तिथे हलत राहते, आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी थरथर जात नाही.

सर्क्लिप, म्हणजे वाटीला जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी, कुठे बसते तेही पाहा. वरच्या मालिकेत ती सहसा वाटीच्या बाहेर, योकच्या कानातल्या खाचेत असते. जीएमच्या काही शाफ्टमध्ये सी-आकाराची क्लिप आतल्या बाजूला असते, आणि कारखान्यातून आलेल्या पुष्कळ शाफ्टमध्ये क्लिपच नसते; वाट्या ओतलेल्या प्लास्टिकने पक्क्या केलेल्या असतात. असा क्रॉस काढायला कान तापवावा लागतो. वितळलेलं प्लास्टिक बारीक भोकातून जोराने बाहेर उडतं, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका.

योक बदलायचा की जोड-क्रॉस वापरायचा?

समजा शाफ्ट १३१० चा निघाला आणि नव्या अ‍ॅक्सलचा योक १३३० चा. दोन वाटा आहेत. पहिली, जोड-क्रॉस: याच्या दोन भुजा एका मालिकेच्या आणि दोन दुसऱ्या मालिकेच्या असतात. पिनियनला हात लावावा लागत नाही, शाफ्ट कापावा लागत नाही. दुसरी, पिनियनचा योक बदलून दोन्ही बाजू एकाच मालिकेच्या करणं.

माझं मत असं: हलकं ओझं, साधं इंजिन आणि रोजची ये-जा असेल तर जोड-क्रॉस चालतो. चांगल्या कंपनीचा घ्या आणि त्याचा भाग क्रमांक गाडीच्या कागदांत लिहून ठेवा, कारण वाटेत तो सहजासहजी मिळत नाही. पण ट्रेलर ओढायचा असेल किंवा मोठ्या इंजिनासाठीच अ‍ॅक्सल बदलला असेल, तर जोड-क्रॉसची ताकद त्याच्या लहान बाजूइतकीच राहते हे ध्यानात घ्या. मग जाड अ‍ॅक्सल टाकून उपयोग काय? अशा वेळी योक बदला, आणि शाफ्टही मोठ्या मालिकेचा करून घ्या.

योक मागवताना पिनियनच्या दांड्यावरचे, योक ज्यांवर बसतो ते दाते (स्प्लाइन) मोजा; गिअरचे नव्हे. नेहमीच्या डाना ४४ ला २६, डाना ६० ला २९, फोर्ड ८.८ ला ३० आणि नेहमीच्या फोर्ड ९-इंचीला २८ दाते असतात. फोर्ड ८.८ ला बऱ्याचदा योकऐवजी गोल फ्लँज (बोल्टने जोडायची सपाट चकती) येते. तिला जुळणारी फ्लँज शाफ्टला लावता येते किंवा फ्लँज काढून तिथे योक बसवता येतो.

पिनियनचा नट: इथे थांबून विचार करा

योक बदलायचा म्हणजे पिनियनचा नट उघडायचा. फोर्ड ८.८ आणि ९-इंची अशा अ‍ॅक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दबणारी स्लीव्ह असते. नट आवळताना ती ठरावीक दबते आणि बेअरिंगवर नेमका ताण बसतो. तो कमी पडला तर पिनियन हलतं आणि दाते खातात. जास्त झाला तर बेअरिंग तापून जळतात. डाना ६० मध्ये हा ताण शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) ठरतो, त्यामुळे तिथे काम सोपं: नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळायचा.

स्लीव्ह असेल तर असं करा. चाकं आणि ड्रम किंवा डिस्क काढून ठेवा, म्हणजे ब्रेकचा अडथळा राहणार नाही. काट्याचा पाना नटावर लावून पिनियन सावकाश, एका चालीने फिरवा आणि फिरत असताना काटा किती दाखवतो ते लिहा. सुरुवातीचा झटका धरायचा नाही. नट, पिनियनचं टोक आणि योक यांवर खुणा करा, मग नट काढा. नवा योक, नवं सील आणि नवा नट लावा. नट थोडा थोडा आवळत दर वेळी पिनियन फिरवून पाहा. आधीच्या आकड्यापेक्षा ३ ते ५ इंच-पाउंड जास्त आलं की थांबा. पुढे गेलात तर नट सैल करून आकडा मागे आणता येत नाही. दबलेली स्लीव्ह परत फुगत नाही, ती नवीच घालावी लागते. इम्पॅक्ट गनने हा नट आवळायचा नाही.

हे काम पहिल्यांदाच करत असाल आणि जवळ अनुभवी माणूस नसेल, तर एवढा एक टप्पा डिफरन्शियलचं काम करणाऱ्याकडून करून घ्या.

रेशो

थोडक्यात, पण विसरू नका. क्राउनचे, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या गिअरचे, दाते भागिले पिनियन गिअरचे दाते म्हणजे रेशो; ४१ आणि १० असतील तर ४.१०. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो जुळलाच पाहिजे, नाहीतर पकड असलेल्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर भयंकर ताण येतो.

रेशोचा शाफ्टशी थेट संबंध आहे. ७८० मिमी व्यासाच्या टायरवर ताशी १०० किमी वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६८० फेरे घेतं. ३.३१ च्या अ‍ॅक्सलला तेव्हा शाफ्ट २२५० च्या आसपास फिरतो, ४.१० चा अ‍ॅक्सल टाकला की त्याच वेगाला सुमारे २७९०. आधी जाणवत नसलेला थोडासा असमतोल किंवा कोनातला फरक मग जाणवायला लागतो.

कोन

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारखी फिरत असली तरी मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. १० अंशाच्या कोनात हा फरक दोन्ही दिशांना सुमारे दीड टक्का असतो. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस आहेत ते याचसाठी: पुढच्याने केलेला बिघाड मागचा निस्तरतो. पण त्यासाठी दोन्ही क्रॉसवरचे कोन सारखे हवेत, आणि नळीच्या दोन टोकांचे योक एका रेषेत हवेत.

मोजण्याआधी गाडीचं पूर्ण वजन चाकांवर घ्या, किंवा स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा. चासीखाली स्टँड लावून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला तर मिळालेला एकही आकडा कामाचा नाही. पाट्यांचे यू-बोल्ट पुरते आवळलेले असू द्या. अ‍ॅक्सलवरची, पाटे जिच्यावर टेकतात ती बैठक अजून वेल्ड केलेली नसेल तर उत्तमच. कोन ठरल्यावर वेल्ड करा.

कोनमापक तीन ठिकाणी लावा: गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या टोकाला, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या योकवर. नवा शाफ्ट अजून हातात नसेल तर दोन्ही क्रॉसच्या मध्यांना ताणून दोरी बांधा आणि तिचा उतार घ्या.

एक उदाहरण. गिअरबॉक्सचं टोक मागे ३ अंश उतरतं, शाफ्ट मागे ५.५ अंश उतरतो. पुढच्या क्रॉसवर कोन २.५ अंश. पिनियन मात्र सपाट, ० अंश; म्हणजे मागच्या क्रॉसवर ५.५ अंश. हे जुळत नाही. पिनियनचं नाक (योककडचं पुढचं टोक) ३ अंश वर उचललं तर त्याची रेषा गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर होईल आणि मागेही २.५ अंश येतील.

पण पाट्यांच्या गाडीत एक गोष्ट धरावी लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक आणखी वर जातं. म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा १ ते २ अंश खाली ठेवतात. वरच्या उदाहरणात पिनियन २ अंशावर थांबवा. भार आला की ते ३ च्या जवळ जाईल.

कोन बदलायला अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घालतात. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर नाक उचलण्यासाठी पाचरेची जाड बाजू गाडीच्या मागच्या बाजूला येते. पाचर स्टीलची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची भाराखाली तडकते. पाट्यांचा मधला बोल्ट पाचरेतून जाऊन बैठकीच्या भोकात नीट उतरतो ना, तेही बघा, कारण अ‍ॅक्सलची जागा तोच धरून ठेवतो.

कोन किती चालतो? जितका वेग जास्त तितकी मर्यादा कमी. शाफ्ट २५०० फेऱ्यांवर असेल तर क्रॉसवर ७ अंशांपर्यंत, ३००० ला ५.८ पर्यंत आणि ५००० ला ३.२ पर्यंत ही स्पायसरची मर्यादा. रोजच्या गाडीत ३ च्या आत राहाल तर क्रॉस खूप टिकतो. शून्यही नको. किमान अर्धा अंश कोन हवाच, नाहीतर वाटीतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) एकाच जागी बसून भुजेवर खड्डे पाडतात. फोर्ड ९-इंचीचं पिनियन बरंच खाली असतं, त्यामुळे ती टाकल्यावर शाफ्टचा उतार वाढतो. तिथे हा हिशेब जास्त काळजीने करा.

शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मध्ये त्याला धरणाऱ्या सेंटर बेअरिंगची उंचीही कोन ठरवते, तेव्हा तिन्ही क्रॉस मोजा. पुढे डबल क्रॉसचा (दोन क्रॉस जवळजवळ जोडलेला) जॉइंट असेल तर वरचा समांतरचा नियम लागू नाही: तिथे पिनियन सरळ शाफ्टच्या रेषेत धरायचं, फक्त भारासाठी १ ते २ अंश खाली.

आता लांबी

स्लिप योक (शाफ्टच्या पुढच्या टोकाचा, आत-बाहेर सरकणारा योक) गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकला, मग २० ते २५ मिमी बाहेर ओढा. त्या स्थितीत पुढच्या क्रॉसच्या मध्यापासून मागच्या क्रॉसच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. मागे फ्लँज असेल तर तिच्या सपाट तोंडापर्यंत मोजा आणि वर्कशॉपला तसं स्पष्ट सांगा. एकदा मोजून भागवू नका. योक काढून, परत बसवून पुन्हा मोजा.

ही २०-२५ मिमी मोकळीक कशासाठी? पाटे दबले की अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकतो आणि स्लिप योक आत-बाहेर होतो. जागा उरली नाही तर खड्ड्यात तो गिअरबॉक्सच्या आतल्या भागावर आदळतो. उलट शाफ्ट आखूड असेल तर दात्यांची पकड कमी राहते. जुन्या स्लिप योकवर सील जिथे चालत होतं तिथे चकचकीत पट्टा दिसतो. नवा शाफ्ट जागेवर आल्यावर सील त्याच पट्ट्याच्या आसपास बसायला हवं.

कापणं आणि वेल्डिंग घरी करू नका. नळी लेथवर सरळ धरून योक एका रेषेत बसवणं आणि शेवटी बॅलन्स करणं हे वर्कशॉपच्याच यंत्रावर होतं. लांब शाफ्ट लागत असेल तर नळीच्या व्यासाबद्दल विचारा. ६० इंच लांब, ३ इंच व्यासाची पातळ स्टीलची नळी हिशेबाने ५४०० फेऱ्यांच्या आसपास स्वतःच वाकून थरथरायला लागते. अडीच इंची नळी ४५०० लाच. प्रत्यक्ष वापरात या आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या आत राहतात.

जोडणी

क्रॉस बसवताना वाटीतल्या सुया ग्रीसने भिंतीला चिकटलेल्या असू द्या. एखादी जरी निसटून तळाशी आडवी पडली तरी वाटी दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहते आणि सर्क्लिप खाचेत उतरत नाही. तेव्हा हातोडा जोरात मारू नका. वाटी काढा, सुई उभी करा, पुन्हा बसवा. जुना क्रॉसच वापरत असाल तर भुजांवरून नख फिरवा. बारीक समांतर खड्डे नखाला लागले तर तो टाकून द्या.

दोन्ही सर्क्लिप बसल्यावर क्रॉस कडक फिरत असेल तर योकच्या कानावर मऊ हातोड्याने हलकेच टिचका मारा. वाटी क्लिपला टेकते आणि क्रॉस मोकळा होतो. अ‍ॅक्सलकडच्या पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट नवे घ्या, कारण पट्ट्या एकदा आवळल्या की ताणल्या जातात. टॉर्क त्या योकच्या पुस्तकाप्रमाणेच. इथे जास्त आवळलं तर वाटी दबते आणि सुया अडकतात. ग्रीस निप्पल असेल तर चारही सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत भरा.

पहिली फेरी

मोकळ्या रस्त्यावर सावकाश वेग वाढवा. जागेवरून उठताना किंवा कमी वेगाला जोर लावल्यावर गाडी थरथरली तर कोन किंवा सेंटर बेअरिंग तपासा. थरथर वेगासोबत वाढत गेली आणि त्याच वेगाला न्यूट्रल करूनही राहिली तर बॅलन्स किंवा नळीचा सरळपणा बघा. वेग घेताना घूं असा आवाज आला आणि पाय काढताच बदलला तर पिनियनच्या बेअरिंगचा ताण किंवा क्राउन-पिनियनची जुळणी तपासायला हवी. तशी गाडी चालवत राहू नका. परत आल्यावर पिनियनजवळ हाउसिंगला हात जपून लावा. कोमट असेल तर ठीक. हात टेकवता येणार नाही इतकं तापलं असेल तर ताण जास्त झाला आहे.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पट्ट्यांचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि पिनियनचं सील पुन्हा एकदा पाहा. पाचर घातली असेल तर यू-बोल्ट हमखास थोडे सैल निघतात. ते आवळल्यावर कोन पुन्हा मोजा.